कप्प्यामागची फट

टॅक्सी स्टँडवर त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणतात. बावीस वर्षांत ना त्यानं कुणाला ठोकलं, ना कुणी त्याला. मागून कुणी "जरा पळवा की" म्हणालं, की हा आरशात बघून "सावकाश जाऊ, साहेब" म्हणणार आणि साहेब कपाळाला हात लावणार. तर अशा या सावकाशच्या गाडीतला ब्लोअर ऐन उन्हाळ्यात बसला. आधी टकटक, मग करकर, मग जळका वास आणि मग काहीच नाही. एसी चालू, पण गार हवा आत ढकलणारा पंखाच मेलेला. गिऱ्हाईक घामानं निथळत उतरायचं आणि दार असं आपटायचं की बघायलाच नको.

पण त्याचा जीव अडकला होता आईत. बायको पहाटेच पाळीवर जायची, म्हणून तो रोज सकाळी आईला पुढच्या सीटवर बसवून गावाच्या दुसऱ्या टोकाला ताईकडे सोडायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. आईच्या पायांवर सूज होती. ती उतरवायला लघवी होण्याची गोळी, न्याहारीनंतर, म्हणजे गाडीतच. पाकीट समोरच्या कप्प्यात असायचं. आई कप्पा उघडायची, गोळी काढायची, वर दोन घोट पाणी प्यायची आणि कप्पा लावायची. पाकिटं वेळच्या वेळी संपत होती, पाय मात्र चपलेत मावेनात. डॉक्टरांनी एकीच्या दोन गोळ्या केल्या, तरी ढिम्म फरक नाही. "हृदयावर ताण येतोय. सोमवारपर्यंत सूज उतरली नाही तर दाखल करू," ते म्हणाले. तेव्हापासून सावकाशची झोप उडाली होती. दिवसभर गाडी, संध्याकाळी आई, रात्री छताकडे बघणं. माणूस पार पिळून निघाला होता.

रविवारी त्यानं नवी मोटर आणली आणि इमारतीमागच्या सावलीत गाडी लावली. सीट मागे सरकवून तो उताणा झाला, डोकं डॅशबोर्डखाली आणि पाय दाराबाहेर. कप्पा काढला, वायरचा जोड काढला. मोटरचे तीन स्क्रू. दोन मुकाट्यानं निघाले. तिसरा अशा जागी होता, की ज्यानं तो बसवला त्याला हुडकून चार शब्द सुनवावेत. मान अवघडली, हात बधिर झाला, तेव्हा कुठे तो सुटला आणि मोटर पंख्यासकट त्याच्या छातीवर आली. पाठोपाठ तोंडावर पांढरी भुकटी.

"चुना आला कुठून आता?" तो पुटपुटला. उठून बघतो तर चुना नव्हे. पंख्याच्या पात्यांत मूठभर गोळ्या होत्या, मधोमध रेघ असलेल्या. काही अख्ख्या, काही दळलेल्या, एक पंखा आणि त्याभोवतीचा डबा यांच्यामध्ये पाचरीसारखी अडकलेली. कप्प्याच्या मागचा प्लॅस्टिकचा तुकडा कधीचा तुटला होता. त्या फटीतून टाकलेली वस्तू थेट पंख्यात पडत होती.

तो तसाच भुकटीनं माखलेल्या तोंडानं वर गेला. आई खिडकीशी पाय स्टुलावर ठेवून बसली होती. त्यानं गोळ्या तिच्यापुढे टेबलावर ओतल्या.

"हे काय आहे?"

"गोळ्या," आई म्हणाली. "मीच टाकल्या."

"मी इथे मर मर मरतोय, डॉक्टर डोकं धरून बसलेत, आणि तू गाडीला गोळ्या चारतेस? उद्या काही झालं असतं तुला म्हणजे?" त्याचा आवाज चढला होता.

आईनं पदरानं त्याच्या भुवईवरची भुकटी पुसली. "पहिला आठवडाभर घेत होते की रे. मग एक दिवस तीनदा गाडी थांबवावी लागली तुला. विमानतळाचं भाडं चुकलं तुझं. तिसऱ्यांदा तू म्हणालास, ‘आई, अजून किती वेळा?’ दुसऱ्या दिवसापासून नाही घेतली."

त्याला आठवेना. भाडं चुकल्याचं आठवलं, ते वाक्य मात्र आठवेना. दमलेला माणूस दिवसातून पन्नास गोष्टी बोलतो, तसंच कधीतरी तोंडातून गेलं असणार. त्याला स्वतःची लाज वाटली. तो तिच्या सुजलेल्या पायांशी खाली बसला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "दोन नको, उद्यापासून एकच. दाखल करायचं आठवडाभर थांबवू. पण गोळी पोटात जाऊ दे."

दुपारी त्यानं नवी मोटर बसवली. त्या तिसऱ्या स्क्रूनं निघताना घेतला तेवढाच वेळ बसतानाही घेतला. गार वारा सुटला. फटीवर लावायला चिकटपट्टी फाडून हातात घेतली, जरा विचार केला आणि चुरगळून खिशात टाकली.

सोमवारी आईनं कप्पा उघडला, तिला फट दिसली. "बुजवली नाहीस?"

"नाही. टाकायचीच असेल तर टाक, मी परत मोटर बदलीन. पण आधी ‘थांब’ म्हणून तर बघ."

आईनं गोळी घेतली. गाडी पेट्रोल पंपावर थांबली, मग वाचनालयाशी, मग एका दवाखान्याशी, तिथल्या बाईंना त्यानंच आत जाऊन स्वच्छतागृहाचं विचारलं. स्टँडवरून दोनदा फोन आला, तो त्यानं उचलला नाही. पुलाच्या अलीकडे आई पुन्हा चुळबुळ करू लागली, पण बोलेना; दाराची मूठ धरून नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सावकाशनं काही न विचारता इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली.