दोब्रोमामाची खुर्ची

दोब्रोमामाच्या घराला आग लागली असती आणि कोणी सांगायला धावत गेलं असतं, तरी तो म्हणाला असता, "आधी बस." उभ्या माणसाशी तो बोलायचाच नाही. तुम्ही स्टुलावर टेकायचं. तो लांब दांड्याच्या पितळी भांड्यात काळी कॉफी उकळणार, बोटभर कपात ओतणार, आपल्या खुर्चीत बसून एक घोट घेणार आणि मग विचारणार, "हां, आता बोल, काय झालं?" एकदा माझी कोंबडी त्याच्या विहिरीत पडली. मी सांगायला गेले, तर त्याने मला बसवलं. कोंबडी कशी वाचली ते तिचं तिला माहीत. कॉफी मात्र कडूजहर होती.

तो माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणून माझा मामा. पुढे सगळा कोळीवाडाच त्याला मामा म्हणायला लागला. आमचा कोळीवाडा तारापूरच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. गावातले बाकीचे आपल्या होड्या घेऊन मासळीला जायचे, मामा मात्र मोठ्या मालवाहू बोटींवर गेला. आधी भांडी घासली, मग स्वयंपाकी झाला, आणि अशी वीसेक वर्षं काढली. त्याचे कप्तान सगळे क्रोएशियाचे. तेव्हा तो वेगळा देश नव्हता, युगोस्लाव्हिया नावाच्या मोठ्या देशाचा समुद्रकाठचा तुकडा होता. तिथली भाषा मामा घडाघडा बोलायचा. 'दोब्रो' म्हणजे त्यांच्यात बरं, ठीक, छान. जेवण झालं, दोब्रो. मासळी नासली, दोब्रो. मामी रुसून माहेरी गेली, तेव्हाही दोब्रो. गुडघा गेला तेव्हा तो कायमचा घरी आला. येताना तीन गोष्टी आणल्या: ते पितळी भांडं, कप्तानाने दिलेली हातांची लाकडी खुर्ची आणि शिकवायची खाज.

आमच्याकडची बरीच पोरं तेव्हा बोटीवर लागायला बघत होती. मामाने ओट्यावर वर्ग काढला. संध्याकाळी पाच ते सात. मी शेजारीच कोलंबी सोलत बसायचे, त्यामुळे फुकटात शिकले. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण मामाच्या शाळेत चौथीच काय, पहिलीही लागत नव्हती. तो शब्द कमी सांगायचा आणि माणसं जास्त. "बोलायला पोपट पण बोलतो," म्हणायचा. "तिथला माणूस कशाने खुलतो नि कशाने बिघडतो, ते शिका." तिकडे घरात आजीचा शब्द चालतो. पावाशिवाय जेवण म्हणजे जेवणच नाही. कामाचं बोलणं कॉफी अर्धी संपल्यावर. उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा फुटबॉलवरून भांडतात, त्यात आपण पडायचं नाही. "तेपण कोळीच हायत," तो सांगायचा, "फक्त गोरे."

आणि खिडक्या. तिकडे समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या ठेवल्या की आरपार वाऱ्याने माणूस आजारी पडतो, असं पक्कं मानतात. मान धरते, डोकं धरते, काहीही होतं. मामाला हे इतकं पटलेलं होतं की पावसात वर्ग घरात भरला की एक खिडकी बंदच. दहाबारा घामाघूम पोरं, कॉफीचा वास, बोंबलांचा वास. मी म्हटलं, "मामा, यातलं एखादं मरंल."

"घामानं कोण मरत नाय गो. वाऱ्यानं मरतात."

राजकारण शिकवायचीही त्याची एक तऱ्हा होती. देश चालवणारा त्यांचा म्हातारा मार्शल वारला, त्याचा फोटो दुकानादुकानात होता. त्याच्यामागे एवढी मोठी खुर्ची एकाला द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं. देशाचे आठ भाग, आठ माणसं, एकेकाने वर्षभर बसायचं आणि उठायचं. पोरांना हे काही केल्या पटेना. आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन सोळा वर्षं बसून होता, मग कसं पटणार? तेव्हा मामाने आठ जणांना गोल बसवलं, मध्ये कप्तानाची खुर्ची ठेवली. एक कप कॉफी संपेपर्यंत एकाची पाळी. तिघं बसले नि उठले. चौथा नारायण. तो बसला, रेलला, पाय लांब केले आणि म्हणाला, "मामा, खुर्ची मस्त हाय. मी नाय उठत."

पाचव्याने त्याला ओढलं, सहाव्याने पाचव्याला ओढलं. खुर्चीचा डावा हात मोडून मामाच्या पायाशी पडला. मी हसून हसून कोलंबीची टोपली सांडली.

मामाने खुर्चीचा तो हात उचलला, फुंकर मारून धूळ उडवली. "तुमी नालायक. तिकडची माणसं उठतात."

"आणि एखादा नाय उठला तर?" मी विचारलं.

"उठतात गो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी जाळ्याच्या दोरीने त्याने तो हात करकचून बांधला. शेवटपर्यंत तो तसाच होता.

भिंतीवरच्या कॅलेंडरात मामाने लाल पेन्सिलीने खुणा केलेल्या असत. मार्शलचा वाढदिवस, बायकांचा दिवस, नोव्हेंबरअखेरीचा प्रजासत्ताक दिन. "तिकडच्या माणसाशी बोलायचं तर आधी दिवस बघा. शुभेच्छा द्या. दार आपोआप उघडतं." पोरं पाठ करायची. मीही केलं. एवढ्या शुभेच्छा मी माझ्या सख्ख्या नणंदेला कधी दिल्या नसतील.

मग एक्क्याण्णव साल आलं. माझा नवरा दामा त्या वेळी बोटीवर होता, मामानेच शिकवून पाठवलेला. रियेका नावाच्या त्यांच्या बंदरात तो शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. त्याला तिथल्या हॉस्पिटलात ठेवून बोट पुढे गेली. ऑक्टोबरात त्याचं पत्र आलं: पाय प्लास्टरात आहे, जेवण बेचव आहे, वॉर्डचा फोन नंबर हा. त्यानंतर काही नाही. मुंबईच्या एजंटाकडे तीन वेळा जाऊन आले, तो म्हणाला थांबा. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, तिकडे लढाई पेटली, बंदरं अडवली. मी पेपर मामापुढे धरला. त्याने चष्मा लावून वाचला आणि घडी घालून परत दिला.

"किरकोळ हाय. कॉफी पितील नि मिटंल."

"माझा नवरा तिथं पडलाय, मामा."

"म्हणूनच सांगतो. फोन करू. पण सोमवारी नको, शुक्रवारी. शुक्रवारी त्यांचा प्रजासत्ताक दिन हाय."

मी म्हटलं, मला नवरा विचारायचाय, सणवार नाही. पण त्याने ऐकलं नाही. बाईमाणसाचा आवाज ऐकला की नर्स विरघळते, म्हणून बोलायचं मीच. चार दिवस त्याने माझ्याकडून घोकून घेतलं. मी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालताना तेच पुटपुटत होते. गिऱ्हाइकांना वाटलं हिला वारं लागलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही बोईसरला गेलो. स्टेशनजवळ फोनचा बूथ होता, चालवणारा उत्तरेकडचा, सगळ्या बायकांना मौसी म्हणायचा. आत एकच स्टूल. त्यावर अर्थात मामा बसला. अर्धा तास नंबर फिरवून झाला, तेव्हा तो ओरडला, "मौसी, लग गया! बोलो, बोलो!"

मी बोलले. "दोबार दान. स्रेतान दान रेपुब्लिके." नमस्कार, प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा. एक अक्षर चुकले नाही.

मला वाटलं लाइन गेली. मग एक बाई हळू आवाजात बोलायला लागली. माझं पाठांतर माझ्या बाजूचं होतं, तिच्या बाजूचं मामाने शिकवलंच नव्हतं. मी फोन त्याच्या हातात दिला. तो "दोब्रो, दोब्रो" म्हणाला आणि मग त्याचं दोब्रो बंद झालं. चेहरा उतरला. आणि तो स्टुलावरून उठला. त्या दुखऱ्या गुडघ्यावर उभा राहून बोलायला लागला.

मी त्याला जन्मात कधी उभ्याने बोलताना बघितलं नव्हतं. मी समजले काय समजायचं ते. काचेला हात लावून उभी राहिले. घरी दोन मुली होत्या, त्यांना कसं सांगायचं एवढंच डोक्यात आलं.

त्याने फोन ठेवला.

"कधी गेला?" मी विचारलं.

"कोण?"

"दामा!"

"दामा हाय गो," मामा म्हणाला. "धडधाकट हाय. सारखा खिडक्या उघडायला सांगतो म्हणून ती बाई कावलीय. पुढच्या महिन्यात त्याला इटलीत नेऊन विमानात बसवतील." मग तो परत स्टुलावर बसला. "दामा हाय. देश नाय."

ती नर्स म्हणाली होती, आम्ही त्या देशातून वेगळे झालो, ते प्रजासत्ताक आता उरलं नाही. त्याच्याच सैन्याशी माझा भाऊ लढतोय. तुम्ही मला कसल्या शुभेच्छा देता?

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून हसत होते. खरं ते सांगते. माझा नवरा जिवंत होता, मामाच्या त्या देशाशी मला काय करायचं होतं? तारापूर नाका आला तेव्हा मामा एकदाच बोलला, "ती बाई किती सभ्य बघ. शिवी नाय दिली." आता वाटतं, तेवढा वेळ तरी हसू आवरायला हवं होतं. आवरलं नाही.

त्याने कॅलेंडर काढलं आणि वर्ग बंद केला. दामा थंडीत आला, काठी टेकत, एक पाय आखूड घेऊन. दुसऱ्या सकाळी मामा आमच्या दारात. आला तो सरळ जमिनीवर बसला, हातात वही.

"दामा, मला शिकव. झेंडा कसला हाय आता? नोटा कुठल्या? हापिसात माणसाला काय म्हणून हाक मारतात?"

"मामा, मी तीन महिने पाठीवर. मला छत दिसायचं."

"मग छताखालचं सांग."

दामाने सांगितलं. शेजारच्या दोन पलंगांवर दोन म्हातारे होते, त्या देशाच्या दोन वेगळ्या भागांतले, वीस वर्षं एका गोदीत कामाला. रोज पत्ते खेळायचे. एका सकाळी एकाने बातम्या ऐकल्या, नर्सला बोलावून पलंग भिंतीकडे फिरवून घेतला. पत्ते तसेच वाटून पडले होते. मामाने ते सगळं वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

पुढच्या आठवड्यात वर्ग पुन्हा सुरू झाला. पोरं बसली. मामा म्हणाला, "मी चुकीचं शिकवलं. सगळं खोडा." वह्या उघडल्या, पेन्सिली चालायला लागल्या. तेवढ्यात तो म्हणाला, "खिडकीचं राहू द्या. ते खरं हाय." नवीन कॅलेंडर आलं, त्यावर एकही लाल खूण नव्हती. "आता शुभेच्छा बंद. आधी विचारा, तुमच्याकडे आज काय हाय? ते सांगतील ते ऐका. मग तोंड उघडा." एवढा एकच धडा तो त्यानंतर दोन वर्षं शिकवत राहिला. मला तो आधीच्या सगळ्यांपेक्षा बरा वाटला. लहान होता.

मामा सकाळी गेला, खुर्चीत बसल्या बसल्या, कॉफी व्हायच्या आत. भांडं चुलीवर उतू जात होतं, ते मी उतरवलं. पुढे मामीने ते मलाच दिलं. मी त्यात चहा करते. चांगला होतो.

बाराव्याला ओटा माणसांनी भरला. त्याचे शिकलेले, सुट्टीवर आलेले, सगळे खाली दाटीवाटीने बसले आणि दोरीने हात बांधलेली ती खुर्ची मध्ये रिकामी ठेवली. मान म्हणून. मला असले प्रकार आवडत नाहीत. पहाटेपासून पाय मोडून राबले होते, मी जाऊन बसले. नारायण म्हणाला, "मावशे, मामाची खुर्ची हाय ती."

"माहीत हाय," मी म्हटलं. "तू किती उठलास ते पण माहीत हाय."

सगळे हसले. बरं वाटत होतं, हात रुंद होते, पाठ टेकत होती. समोर दामा खांबाला धरून उभा होता. त्याला खाली बसता येत नव्हतं आणि तो ते कोणाला सांगणार नव्हता. मी अजून थोडा वेळ बसले.

मग उठले आणि त्याला बसवलं.