विचारून केलेली मदत

इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत मी नापास झाले, त्या दिवशी पुण्याहून सोलापूरला येईपर्यंत गाडीत मला एका जागी बसवलं नाही. चारदा उठून दारापर्यंत गेले, चारदा परत आले. समोरच्या बाईला वाटलं माझं पोट दुखतंय. तिनं पिशवीतून ओव्याची पुडी काढली आणि चिमूटभर ओवा माझ्या हातावर ठेवला. मीही मुकाट्यानं खाल्ला.

बारा वर्षं मी सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. इंग्लंडमधल्या एका दवाखान्यात मला जागा मिळत होती, फक्त ही परीक्षा आडवी आली होती. पहिली दोन वर्षं मला एकटीलाच जायचं होतं. अकरा वर्षांची लेक माझ्या आईजवळ राहणार, असं नवऱ्याचं, आईचं आणि माझं ठरलं होतं. आणि खरं सांगते, मला कुणी ढकलत नव्हतं, मलाच जायचं होतं. त्याच वॉर्डात, त्याच खाटांमधून फिरून फिरून जीव विटला होता. आई म्हणायची, "तुझ्या पायाला भिंगरी हाय, तू काय हितं टिकत न्हाईस."

परीक्षेत एक बाई खोटी पेशंट झाली होती. खुब्याचं ऑपरेशन झालेली म्हातारी, तिला खाटेवरून उठवायचं, एवढंच काम. अहो, असल्या म्हाताऱ्या मी रोज उठवते! मी धडाधड सुरू केलं. गेट अप, स्लोली, होल्ड माय हॅन्ड, व्हेरी गुड. ती मध्येच काहीतरी सांगायला बघत होती, पण मला वाटलं वेळ संपेल, म्हणून मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. त्याच दिवशी निकाल लागला, तेव्हा कपाळावर हात मारायची पाळी आली.

या परीक्षेचा आमचा क्लास मोबाईलवर चालायचा. शिकवणारी मुलगी माझ्याहून लहान, नाशिककडची. मी तिला सगळं सांगितलं, तर ती हसायला लागली. म्हणाली, "ताई, इंग्रजी चांगलंय तुमचं. पण तुम्ही मदत करत नाही, हुकूम सोडता. आधी विचारायचं. वुड यू लाइक मी टू हेल्प यू? मग थांबायचं. समोरचा हो म्हणाला तरच हात लावायचा."

मी उसळलेच. म्हटलं, "हो म्हणायची वाट बघत बसले तर म्हातारी पडेल की!"

आमच्याकडं मदत विचारून करतच नाहीत. एसटीत उभ्या बाईच्या कडेवर पोर असलं तर बसलेली बाई "घेऊ का" म्हणत नाही, ओढून मांडीवर घेते. पाव्हण्याला कुणी "वाढू का" विचारत नाही, ताट पुढं सरकवतात. विचारलं म्हणजे मनात करायचं नाही, असाच अर्थ. हे मी तिला दहा मिनिटं ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि गृहपाठ दिला. आठवडाभर वॉर्डात प्रत्येक पेशंटला मराठीतच विचारायचं. तोंडाला सवय झाली की इंग्रजी आपोआप येईल म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या खाटेपाशी गेले. तिथं जेऊरकडची एक आजी होती, खुब्याचंच ऑपरेशन झालेली. रोज मी "चला आजी, उठा, किती लोळायचं" म्हणत तिच्या काखेत हात घालायची. त्या दिवशी दोन पावलं लांब उभी राहिले आणि म्हटलं, "आजी, मी तुम्हाला उठून बसायला मदत करू का?"

आजी माझ्याकडं बघतच राहिली. मग तिचा चेहरा पडला.

"का गं? डाक्टर काय म्हणला व्हय माझ्याबद्दल?"

"काही नाही आजी. विचारलं आपलं."

"रोज खेकसतीस, आन् आज इचारतीस? खरं सांग. लई दिस न्हाईत का माझं?"

मी शपथा घेतल्या. काही उपयोग नाही. मी औषधं घेऊन परत येईपर्यंत आजीनं शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मोबाईलवरून लेकाला बोलावून घेतलं होतं. दुपारपर्यंत लेक, सून आणि दोन पुतणे हजर. सून डोळ्याला पदर लावूनच आत आली. सगळ्या वॉर्डात झालं की सिस्टर गोड बोलायला लागली, म्हातारीचं काही खरं नाही. शेवटी डॉक्टरांनी येऊन सांगितलं, आजी ठणठणीत आहेत, चार दिवसांत घरी जातील. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, कशाला हे उद्योग? आपलं नेहमीसारखं ओरडा की."

मला हसू आलं आणि चीडही आली. म्हटलं, झालं, हा नाद सोडायचा. पण परीक्षा महिन्यावर आली होती, सोडून कसं चालेल? दुसऱ्या दिवशी गरम पाण्याची बादली घेऊन गेले. लांबूनच म्हटलं, "आजी, घाबरू नका, तुम्ही चांगल्या आहात. पण विचारते. आज अंग पुसून देऊ का?"

आजीनं या वेळी विचार केला. बराच वेळ केला. मला तिथं नुसतं उभं राहायचं म्हणजे शिक्षा, हातातल्या टॉवेलची मी दहादा घडी केली.

"नको," ती म्हणाली.

"का हो? पाणी गरम आहे."

"पाणी गरम आसतंय रोज. पर तू पडदा नीट वढत न्हाईस. पलीकडच्या बाईचा नवरा बसल्याला आसतोय. लेकरावानी उघडी करतीस मला. लाज वाटती गं."

मी पडद्याकडं बघितलं. कडेला हातभर फट होती. ती रोजच असायची. बारा वर्षं मी ह्या पडद्याआड बायकांची अंगं पुसली होती आणि मला वाटत होतं, माझ्यासारखी मायेची नर्स अख्ख्या सोलापुरात नसेल. किती जणी गप्प बसल्या असतील? मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मग आधी का नाही बोललात आजी?"

"तू कवा इचारलंस?"

मी पडद्याला दोन पिना लावल्या आणि परत विचारलं. आजी हो म्हणाली.

त्यानंतर मी खरंच विचारायला लागले. कामं लांबली, मेट्रनची बोलणी खाल्ली. पण लोक काय काय बोलायला लागले! एका मामांना सुई डाव्या हाताला नको होती, कारण ते डावखुरे होते. एक मुलगी म्हणाली, सिस्टर, दोन मिनिटं नुसत्या बसा माझ्याजवळ. मला बसणं सगळ्यात अवघड. तरी बसले.

दुसऱ्यांदा परीक्षेला गेले तेव्हा पेशंट झालेल्या बाईला विचारलं आणि थांबले. तिनं सांगितलं, तिला पडायची भीती वाटते. मी म्हटलं, घाई नाही, तुम्ही सांगाल तेव्हा उठू. पास झाले. मग कागद, शिक्के, रांगा, सगळं झपाट्यानं झालं. गुरुवारी नवऱ्यानं विमानाचं तिकीट काढलं आणि माझ्या मोबाईलवर पाठवलं. तीन आठवड्यांनंतरचं होतं. नाचावंसं वाटत होतं, तरी आत काहीतरी कुरतडत होतं.

लेकीला सगळ्यांनी सांगितलं होतं. बापानं सांगितलं, आई लांब जाणार, पण रोज व्हिडिओ कॉल करणार. तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं सांगितलं, शाण्या पोरी रडत न्हाईत. मी सांगितलं, दोन वर्षं म्हणजे काय, भुर्रकन जातात. ती प्रत्येकाला "बरं" म्हणायची. तिकीट निघालंय हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी तिच्या वेण्या घालत होते. ती पुढ्यात बसली होती, पाठ माझ्याकडं. वॉर्डात दिवसातून पन्नासदा विचारणारी मी, पोटच्या पोरीला एकदाही विचारलं नव्हतं. त्या वेळी ते मला सहन होईना. तोंडातून निघून गेलं.

"पिल्लू, मी जाऊ का गं?"

तिची मान ताठ झाली. "विचारतेस का सांगतेस?"

"विचारतेय."

"नाही म्हटलं तर चालेल?"

तिकीट आलंय, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं ती शहाणी आहे, हो म्हणेल, आणि माझ्या जिवाला जरा बरं वाटेल. एवढ्यासाठीच विचारलं होतं मी. स्वतःसाठी.

"चालेल की," मी म्हटलं.

"मग नको जाऊस."

किती साधं बोलली! रडली नाही, रुसली नाही. माझे हात वेणीतच थांबले. दुसरी वेणी अर्धी राहिली होती. ती वळली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि मी गप्प आहे म्हणजे ऐकलं, असं तिला वाटलं. तिचा चेहरा असा काही फुलला की मला तो बघवेना. मी काही बोलायच्या आत ती उठली, अर्ध्या वेणीनिशी, अनवाणीच बाहेर पळाली. माझी आई अंगणात कपडे वाळत घालत होती. मी उठले, बसले, परत उठले, पण दारापर्यंत जाववेना.

"आजी! आजी, आई नाही जात!" ती ओरडत होती. "तिनं मला विचारलं!"