वालाच्या शेतातला हिटर

रोह्याकडे माहेरी जाताना मी हिटर घेऊन निघाले, तेव्हा आमच्या पेणच्या चाळीतली एकूण एक बाई दारात येऊन हसली. कोकणात हिटर! समोरची तर म्हणाली, "गो, त्यापेक्षा फ्रीज ने, वापरला तरी जाईल." तिला द्यायला मला चांगलं उत्तर सुचलं होतं. पण पेटीचं दुसरं टोक नवऱ्याच्या हातात होतं आणि तो डोळ्यांनीच 'गप बस' म्हणत होता. ते उत्तर राहूनच गेलं.

हसणाऱ्यांना कारण माहीत नव्हतं. माझे वडील रोह्याच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं ऑपरेटर होते. पंप, बॉयलर, मोटारी, वायरी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. रिटायर झाले आणि काही दिवसांनी त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी दोन गोष्टी बंद केल्या, धूर आणि थंडी. औषधं ते निमूट घेतात, पथ्यही पाळतात. पण या दोन बंदींत आमचा जानेवारी गेला.

भात कापून झालं की आमच्याकडे जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. जानेवारीत शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-लाकडं रचून पेटवायचं. त्यात पाण्याचा थेंब नाही की तेलाचा नाही. त्या दिवशी आमचं अख्खं घर शेतातच झोपतं. आणि मडकं उघडायचं ते घरातल्या थोरल्या पुरुषाने. आजोबांनंतर ते काम बाबांचं.

गेल्या वर्षी पहिल्यांदा ते घरी राहिले. मडकं भावाने उघडलं. मी शेंगा डब्यात भरल्या, डबा टॉवेलात गुंडाळला आणि धावत घरी नेला. बाबांनी दोन शेंगा सोलून खाल्ल्या, "गार झाल्या" म्हणाले आणि झाकण लावलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःखाने कमी, रागाने जास्त, आणि राग कुणावर ते आजही सांगता येणार नाही. त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या वर्षी काहीही करून बाबा शेतात असतील.

हिटर कोलाडच्या एका कॅम्पवाल्याचा. माझा नवरा धरमतरला मालाच्या बार्जवर इंजिन सांभाळतो. डिझेलवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूशी त्याची पाच मिनिटांत दोस्ती होते. कॅम्पवाला त्याचा मित्र. त्याने तो हिटर हिमाचलला गाडी घेऊन जाणाऱ्या कुणा हौशी माणसाकडून जुना घेतला होता, आणि कोलाडच्या थंडीत त्याला कुणी विचारत नव्हतं. तंबूसकट त्याने तो आम्हाला आठवडाभर वापरायला दिला.

यंत्र तसं साधं. पेटीत डिझेल जळतं, त्याचा धूर एका नळीने लांब बाहेर जातो आणि गरम केलेली स्वच्छ हवा दुसऱ्या जाड नळीने तंबूत येते. पेटी कायम तंबूच्या बाहेर. "आत ठेवलीस तर सकाळी कुणी उठायचं नाही," असं नवऱ्याने मला तीनदा बजावलं, जणू मी मुद्दाम आत ठेवणार होते. पण हे डिझेल पेटायला वीज लागते. आधी आतला प्लग लाल करायला आणि मग पंखा नि पंप फिरवायला. वालाच्या शेतात वीज कुठली? म्हणजे बॅटरी आली.

पेणलाच चाळीपुढे चाचणी घेतली. मी फवारणीच्या पंपातली बॅटरी कुणाकडून तरी मागून आणली होती. तिच्यावर बारा व्होल्ट लिहिलेलं, हिटरवरही बारा. मला वाटलं, झालं काम. बटण दाबलं, पंखा फिरला, प्लग तापायला लागला आणि छोट्या पडद्यावर लाल आकडा येऊन सगळं ठप्प. तीनदा तेच. नवरा म्हणाला, "एकदा पेटला की ह्याला थोडी वीज पुरते. पण पेटताना राक्षसासारखी खातो." हे त्याने अशा आवाजात सांगितलं की त्याला आधीपासून ठाऊक असावं. मग आधी का बोलला नाहीस, यावर आमचं जे अर्धा तास झालं ते इथे लिहीत नाही.

शेवटी माहेरच्या घरातली इन्व्हर्टरची मोठी बॅटरी न्यायचं ठरलं. दोघांची कंबर धरेल इतकी ती जड. भावाच्या टेम्पोतून ती शेताच्या रस्त्यापर्यंत आली. तिथून पुढे पन्नास-साठ पावलं बांधावरून. नवरा म्हणाला, आत ॲसिड आहे, बांधावर कोण घसरलं तर काय घ्या, बॅटरी टेम्पोतच राहू दे, आपण वायर लांब टाकू. वायर माझ्याकडे होतीच. मी जोहेला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. पावसाळ्यात मूर्ती वाळत नाहीत म्हणून मांडणीवर ओळीने बल्ब सोडतात, त्यांची जुनी वायर मी मालकांना विचारून आणली होती. भरपूर लांब, आणि फुकट. पेणच्या माणसाला वायर म्हटली की हीच आठवते.

बाबांना चांगलं ऊन असतानाच शेतात आणलं. कानटोपी, मफलर, दोन स्वेटर. वारा येतो त्या अंगाला तंबू लावला आणि जातो त्या अंगाला पोपटीची जागा केली, म्हणजे धूर तंबूकडे यायलाच नको. ही अक्कल माझी होती आणि तिचा मला फार अभिमान वाटत होता. बाबा खुर्चीत बसून आमची धावपळ बघत होते. नवऱ्याने बटण दाबलं. पंखा फिरला, आणि लाल आकडा. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल आकडा. ऊन उतरत चाललं होतं. बाबांनी मफलर नाकापर्यंत ओढला. आता आई म्हणणार, चला, ह्यांना घरी सोडा.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "ही वायर कोणी आणली?"

नवऱ्याने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. एरवी इतकं चटकन खरं बोलत नाही तो.

बाबा उठून आले आणि वायर चिमटीत धरून बघितली. "ही बलबाची वायर हाय गो. घरच्या लायनीवर बलब लावलास तर चालंल. बारा व्होल्टवर एवढी लांब नि बारीक वायर टाकलीस तर हिटरपर्यंत काय पोचंल? सगळं रस्त्यातच संपतंय. बॅटरी इथं आणा. वायर जाड घ्या नि हातभर घ्या."

भावाने आणि नवऱ्याने बॅटरी गोणपाटाच्या झोळीत घातली, झोळी बांबूला बांधली आणि खांद्यावरून आणली. बाबा समोर उभे राहून "सरळ धरा, कलंडू देऊ नका" असं सांगत होते. दम लागला की हातानेच सांगत होते. एका गाडीची बॅटरी दुसऱ्या गाडीला जोडायची जाड चिमट्यांची केबल टेम्पोत पडलेली होती, ती त्यांनी स्वतः लावली. या वेळी पंखा फिरला, प्लग तापला, पंप टकटक करायला लागला आणि थोड्या वेळाने तंबूतल्या नळीतून गरम हवा आली. बाबांनी नळीपुढे हात धरला आणि नुसती मान हलवली. कंपनीत मोठं काम फत्ते करून ते घरी यायचे, तेव्हा चेहरा असाच असायचा. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला.

मग मी बाबांना तंबूत नीट बसवलं. पायांवर गोधडी घातली, पाण्याची बाटली जवळ ठेवली, हवेपुरती फट ठेवून तंबूची चेन ओढली आणि पोपटीकडे गेले. मडकं उपडं घालून झालं होतं, पेंढा पेटला होता. आई, भाऊ, वहिनी, चुलत भावांची घरं, अशी आम्ही दहा-अकरा माणसं भोवती बसलो. भाऊ माझ्या नवऱ्याची नक्कल करत होता. ओहोटीला बार्जवर जाताना जेटीवरून नवऱ्याचा पाय घसरला होता. कमरेपर्यंत चिखलात, डबा डोक्यावर, आणि त्याच अवस्थेत हा फोनवर मला सांगतोय, "हो, पोचलो, जेवायला बसतोय." आम्ही हसून हसून आडवे झालो. नवरासुद्धा हसत होता.

हसता हसता मी तंबूकडे बघितलं, तर बाबा बाहेर. हिटरच्या पेटीशी वाकून उभे. पंपाची टकटक थांबली होती.

"बाबा, बॅटरी काढू नका!" नवरा ओरडत धावला, मी त्याच्यामागे. हिटर बंद केला तरी त्याचा पंखा चार-पाच मिनिटं फिरतच राहतो, आतलं लोखंड निवेपर्यंत. त्या आधी बॅटरी काढली तर हिटर कामातून जातो.

"मला नका शिकवू, जावईबापू," बाबा म्हणाले. "तापलेला प्लांट कोण असा सोडून जातो काय? पंखा थांबंल, मग काढीन. तोवर टेम्पो वळवून ठेवा. मला घरी सोडा."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि शहाणा माणूस तिथून सटकला. मी मात्र भडकले. महिनाभराचा सगळा राग एकदम वर आला. "कोलाडपासून इथपर्यंत हे धूड आणलं, ते काय हौस म्हणून? कुणासाठी केलं हे सगळं?"

"तेच बोलतोय," बाबा शांतपणे म्हणाले. पंख्यावर त्यांचं लक्ष होतं. "एका माणसासाठी कोण प्लांट चालवत नाय गो. मी आतमध्ये ऊब खात बसलोय नि तुम्ही सगळी तिथं. त्यात हा घरघर करतो. तुमचं बोलणं अर्धं ऐकू येतं, अर्धं नाय. तुम्ही हसलात ते कळलं. कशाला हसलात, ते विचारायला आत माणूस पाहिजे ना?"

गेल्या वर्षी आम्ही त्यांना घरी एकटं बसवलं, या वर्षी डिझेल जाळून, बॅटरी वाहून शेतात एकटं बसवलं. वारा कुठून येतो याचा मी इतका विचार केला, आणि त्या तंबूत त्यांच्याबरोबर कोण बसणार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्या घरात तशी सवय नाही, म्हणून मी त्यांची कानटोपी नीट केली. पंखा अजून फिरत होता.

"थांबा," मी म्हटलं, "पंखा थांबला तरी थांबा. हलू नका इथून."

मी पोपटीकडे धावले. मडक्यावर पाणी शिंपडून बघितलं, चर्रकन आवाज आला, म्हणजे झालं होतं. "मडकं तंबूत न्यायचं," मी जाहीर केलं. "आणि सगळ्यांनी आत बसायचं." भाऊ म्हणाला, चार माणसांचा तंबू आहे. मी म्हटलं, मग चार माणसांसारखे बसा. आई उठली, विस्तवाकडे पाठ केली आणि साडी सावरत सगळ्यांच्या आधी तंबूकडे निघाली. मडक्यावरची राख झाडून दोघांनी ते ओल्या गोणपाटात उचललं. तंबूचं प्लॅस्टिक वितळू नये म्हणून वहिनीने खाली आणखी ओली गोणपाटं आणि त्यांवर केळीची पानं अंथरली. धूर सगळा तिकडे शेतात राहिला.

बाबा अजून हिटरपाशीच होते. पंखा नुकताच थांबला होता आणि त्यांचा हात चिमट्यावर होता. एकामागून एक माणसं वाकून तंबूत शिरताना त्यांनी बघितली, मडकं आत जाताना बघितलं, आणि चिमटा सोडला.

"जावईबापू," ते म्हणाले, "लावा परत. आता प्लांटला लोड आला."

आत आम्ही एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे बसलो. कुणाचा गुडघा कुणाच्या पाठीत होता ते कळत नव्हतं. बाबांनी मडक्याच्या तोंडचा पाला काढला, मडकं पानांवर ओतलं, आणि ओव्याचा, भांबुर्ड्याचा, भाजल्या शेंगांचा वास एकदम सगळ्या तंबूत भरला. त्यांनी एक शेंग उचलली, बोटं भाजली म्हणून या हातातून त्या हातात केली आणि सोलून आईला दिली. मग म्हणाले, "हं. मघाशी कशाला हसत होता?"

भावाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तीच ओहोटी, तोच चिखल, तोच डोक्यावरचा डबा. आम्हाला आता त्याचं हसू येत नव्हतं, दुसऱ्यांदा कुणाला येतं? पण बाबा हसले. इतके हसले की त्यांना खोकला लागला आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "पुरे, पुरे" म्हणायला लागली. तसं खोकतानाच त्यांनी हाताने भावाला खूण केली, पुढं सांग. मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि तंबूत धूर नव्हता, त्यामुळे मला काही सबब सांगता येईना.