बाळारामच्या मास्कची दुहेरी कड

नाटकात राजाच्या आधी चोपदार यावा, तशी धसईच्या भातगिरणीत बाळारामच्या आधी त्याची मिशी शिरायची. पार गालांवर पसरलेली. तिच्यापायी फिल्टरचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसेना. कोंड्याची धूळ फटीतून थेट नाकात जाई. मिशी काढायचा प्रश्नच नव्हता. म्हणून त्याने सायकलच्या ट्यूबची दुहेरी कड कापून मास्कला आतून लावली. एक कड मिशी दाबी, दुसरी मिशीपलीकडे गालाला चिकटे. शिंका थांबल्या.

अशी बरीच वर्षं सुखात गेली, आणि एका कंपनीची नोटीस आली. दुहेरी कडेचं पेटंट आमचं, ती वापरणं बंद करा.

म्हणजे आता मिशी तरी सोडायची, नाहीतर गिरणी. बाळाराम बायकोला, येसूबाईला घेऊन शहापूरला वकील संघरत्नाताईंकडे गेला.

"मिशी माजी, ट्यूब माज्या सायकलची, नि पेटंट त्यांचं?"

"त्यांनी अर्ज केलाय २०१९ साली, काका. त्याआधी ही कड चारचौघांत वापरात होती, एवढं दाखवा. जुना मास्क आहे?"

"ट्यूबच ती, झिजते. फेकले सगले."

फोटो मात्र होते. दर खंडेनवमीला गिरणीत पाने-पकडी, वजनकाटा आणि बाळारामचा मास्क मांडून पूजा होई, आणि मालक तारखेसकट फोटो काढी. पण प्रत्येक फोटोत मास्क पालथा, वर झेंडूचा ढीग. कड कुठेच दिसेना. ताई एकेक फोटो बाजूला ठेवत गेल्या, तसा बाळारामचा हात आपोआप मिशीकडे गेला.

२०१४च्या फोटोत मात्र मास्क उताणा होता. दोन्ही कडा लख्ख, त्यांवर हळदीकुंकवाची बोटं.

"हा असा कुणी ठेवला?"

"मीच," येसूबाई चाचरली. "यांच्या तोंडाला लागते तीच बाजू पुजायची ना?"

"तवा मी हिला समद्यांसमोर बोललो व्हतो," बाळाराम पुटपुटला.

"मंग आता ताईंसमोर माघार घ्या."

त्याने घेतली. ताईंच्या उत्तरासोबत फोटो कंपनीकडे गेला आणि महिन्याभरात तिने नोटीस मागे घेतली, पेटंटही सोडलं.

"ताई, मंग पेटंट आता माज्या नावावर करा की."

"नाही होत, काका. कड आधीच सगळ्यांसमोर होती, असं आपणच सिद्ध केलंय. आता ती कुणाचीच नाही."

"म्हंजे कोनीपण करावी?"

"कुणीही."

दुसऱ्या दिवशी बाळारामने गिरणीच्या ओट्यावर हमालांना ट्यूब कापायला शिकवायला घेतलं. त्यांतला पन्नाशीचा गोजर गुळगुळीत गालावरून हात फिरवत म्हणाला, "बाळादादा, मला मिशी नाय. एक कड बास की."

"मिशीचा काय भरवसा," बाळाराम म्हणाला. "कदीपण वाढवावीशी वाटते. दोनच काप."