धुतलेला स्पंज

थर्माकोलचा खोका माझ्या मांडीवर होता. त्यात पाच पिशव्या, प्रत्येक पिशवीत तिसरा हिस्सा पाणी आणि वर नुसती हवा, आणि त्या पाण्यात मिळून अकरा मासे. कार्ल्सरूहेहून निघताना काका मला म्हणाले होते, "झाकण सारखं उघडायचं नाही. अंधारात ते शांत राहतात." मी मान हलवली. पहिल्या अर्ध्या तासात मी तीनदा झाकण उचलून पाहिलं.

काका-काकू म्हणतो, पण ते माझ्या नात्यातले नाहीत. मी शिकायला इथे जर्मनीत आलो तेव्हा मला खोली मिळत नव्हती. ओळखीच्या ओळखीतून त्यांचा नंबर मिळाला आणि 'आठवडाभर राहा' म्हणता म्हणता मी त्यांच्याकडे दोन महिने राहिलो. पुढे खोली मिळाली तरी रविवारचं जेवण त्यांच्याकडेच असायचं. आता काकांना बर्लिनमध्ये नोकरी लागली होती. सामान आदल्या दिवशी ट्रकमधून गेलं. मासे ट्रकमधून पाठवता येत नाहीत, म्हणून ते आमच्याबरोबर गाडीत होते. मी आपणहून म्हणालो होतो की मी येतो, मासे मी धरतो.

माशांना दोन दिवस खायला दिलं नव्हतं. पोटात काही असलं की ते पाणी घाण करतात, आणि पिशवीतलं पाणी बदलता येत नाही. निघायच्या सकाळी काकांनी एकेक मासा जाळीनं पकडून पिशवीत भरला आणि फिल्टर माझ्या हातात दिला. "यातला स्पंज काढ आणि टाकीतल्याच पाण्यात, डब्यात ठेव," एवढं म्हणाले, तेवढ्यात बेल वाजली. घरमालक किल्ल्या घ्यायला आले होते. काका गेले.

मी स्पंज बाहेर काढला. तपकिरी, बुळबुळीत, तळ्याच्या काठासारखा वास. दाबला तर बोटांमधून गाळ निघाला. आमच्याकडे आई एका होस्टेलच्या मेसमध्ये भांडी घासते. ती फोनवर मला रोज बजावत होती, "त्यांनी तुला ठेवून घेतलं. ते जाताना घर लखलखीत करून दे. कुठे बोट ठेवायला जागा नको." नव्या घरी ही असली घाण कशी पाठवायची? काकांना विचारावं असं वाटलं होतं, पण ते मालकांशी जर्मनमध्ये बोलत होते आणि मधे बोलणं मला जमत नाही. वर्गातही जमत नाही. मी गरम पाणी सोडलं, भांड्यांचं लिक्विड घेतलं आणि स्पंज घासला. तो पांढरा झाला तेव्हा मला फार बरं वाटलं. तो मी कोरड्या पिशवीत घालून डिकीत ठेवला. टाकी रिकामी करून तीही डिकीत चढवली, तळाची वाळू तेवढी ओली राहिली.

गाडी हायवेला लागली. काका चालवत होते. पुढच्या सीटवर काकू, त्यांच्या मांडीवर स्टीलचा एक लहान डबा, रुमालात गुंडाळलेला. त्यात विरजण होतं. माझ्या शेजारी त्यांची मुलगी, नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. अकरा माशांतला सगळ्यात मोठा, मिशांचा, तळाशी फिरणारा कॅटफिश तिचा. तो तिच्या जन्माच्या आधीपासून त्या घरात आहे. ती त्याला 'ओपा' म्हणते, म्हणजे आजोबा. बर्लिनला यायला ती तयार नव्हती. शाळा, मैत्रिणी, सगळं मागे राहणार होतं. "ओपा येतोय ना," असं म्हणून काकूंनी तिला गाडीत बसवलं होतं.

"काय रे," काकांनी आरशातून पाहिलं, "स्पंजच्या डब्याचं झाकण घट्ट नाही ना लावलंस? आतल्या जीवांना हवा लागते."

"आतल्या... म्हणजे?"

"अरे, बॅक्टेरिया. सगळी टाकी त्यांच्यावर चालते. मासे जे पाण्यात सोडतात ते हेच खातात. नाहीतर दोन-तीन दिवसांत विष होतं पाण्याचं."

"विरजणच म्हण की," काकू म्हणाल्या. "हे मी धरलंय, ते तुमचं डिकीत."

"गेनाऊ," काका म्हणाले, म्हणजे बरोबर. "लावलं नाहीस ना घट्ट?"

"नाही," मी म्हणालो.

ते खरंच होतं. झाकण लावलं नव्हतं, कारण डबाच नव्हता.

सांडपाणी शुद्धीकरणाचा पेपर मी मागच्या सत्रात दिला आहे. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, कोणते जीव काय करतात, हे सगळं मी आकृतीसकट लिहिलं होतं आणि चांगले मार्क मिळाले होते. पण पुस्तकात ते जीव मोठ्या काँक्रीटच्या हौदात राहतात. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ते माझ्या बोटांना लागले तेव्हा मला ते ओळखू आले नाहीत.

पुढचे दोन तास कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. खोक्यावरची पकड मी सैल करत होतो आणि लगेच पुन्हा आवळत होतो. सांगावं तर काका म्हणतील, मघाशी विचारलं तेव्हा का नाही बोललास. मी मनात वाक्य तयार करत होतो, पहिलं मराठीत, मग का कोण जाणे जर्मनमध्ये. मधेच श्टाऊ लागला, तीन लेनमध्ये गाड्या जागच्या जागी उभ्या. काका स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते.

"अहो, चहा घेता का?" काकूंनी थर्मास काढला. "तू घे रे. काय गप्प झालास? गाडी लागते का तुला?"

"नाही काकू."

"मग? खोका पोटाशी धरून बसलायस, जसा काही दागिन्यांचा डबा."

सगळे हसले. मीही हसलो.

वाट मोकळी झाली, आणि काकांनी पहिल्या विसाव्याच्या जागी गाडी थांबवली. काका-काकू बाहेर पाय मोकळे करायला उतरले. मुलीनं विचारलं, एकदा बघू का? मी झाकण उचललं. कॅटफिश पिशवीच्या कोपऱ्यात टेकून होता, त्याचे कल्ले भराभर हलत होते. ती बराच वेळ पाहत राहिली. मग जर्मनमध्ये म्हणाली, "तो जगेल ना, दादा?" दादा तेवढं मराठीत.

मी झाकण लावलं, खोका सीटवर ठेवला आणि उतरलो.

"काका, एक सांगायचं होतं."

"टॉयलेट ना? तिकडे, पंपाच्या मागे."

"नाही. मी तो स्पंज धुतला."

"कुठला?"

"फिल्टरचा. गरम पाण्यानं. लिक्विड लावून."

काकांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "पूर्ण?"

"पांढरा होईपर्यंत."

"मघाशी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा कळलं. पण बोलता आलं नाही."

डिकी उघडून काकांनी ती पिशवी काढली, स्पंज नाकाशी नेला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. काकूच म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे विरजणाचं भांडं घासून पालथं घातलंस की रे तू!"

मुलगी गाडीच्या दारात उभी होती. तिला सगळं कळलं होतं. नंतर बर्लिन येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. खोका तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला.

गाडी सुरू झाल्यावर काकूंनी फोन काढला. बर्लिनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपमध्ये त्या आधीच सामील झाल्या होत्या. त्यात त्यांनी लिहिलं, 'नमस्कार, आज नवीन राहायला येत आहोत. कुणाकडे चालू अक्वेरियम आहे का? फिल्टरचा घाण स्पंज हवा आहे. विरजण म्हणून.'

"अहो, लोक काय म्हणतील?" त्या स्वतःच म्हणाल्या.

"आल्झो, आता लिहिलंस ना," काका म्हणाले; आल्झो म्हणजे असो. "स्पंज नाही मिळाला तर रोज पाणी बदलत बसायचं. वाळूत थोडं काही शिल्लक असेल तर असेल."

अर्ध्या तासानं एका गृहस्थांचा फोन आला. चाळीस वर्षांपासून बर्लिनमध्ये आहेत, बायको जर्मन, घरात दोन टाक्या. "सरळ इकडेच या," म्हणाले. त्यामुळे नव्या घराच्या आधी आम्ही त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळ होत आली होती. जिन्यातच ते उभे होते, हातात कात्री आणि एक डबा.

"किती वर्षांनी कुणी माझ्या दारात विरजण मागायला आलं!" ते म्हणाले. "कुणी धुतला तो स्पंज?"

मी हात वर केला. वर्गात मी कधी केला नाही.

"छान," ते म्हणाले. आपल्या फिल्टरमधला काळपट स्पंज त्यांनी अर्धा कापला, टाकीच्या पाण्यात बुडवून माझ्याच हातात दिला. "घ्या. आणि वाटेत कुठे नळ दिसला तर डोळे मिटून घ्या."

काका तेव्हा पहिल्यांदा हसले.

नव्या घरात खोक्यांशिवाय काही नव्हतं. आम्ही टाकी आधी मांडली. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, थोडं थोडं पाणी आत घालत राहिलो, मग मासे सोडले. अकराच्या अकरा जिवंत होते. कॅटफिश सरळ दगडामागे गेला.

मी तिथे तीन दिवस राहिलो. सकाळ-संध्याकाळ कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची आणि नायट्राइटचा गुलाबी रंग पाहायचा, बादलीनं पाणी बदलायचं, एवढंच काम मी करत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन छोटे मासे वर तरंगत होते. काकांनी ते जाळीनं काढले. प्रवासानं गेले असतील, ते म्हणाले. मुलीनं मला जर्मनमध्ये विचारलं, "तुझ्यामुळे?"

"बहुतेक," मी म्हणालो. "नक्की माहीत नाही."

तिनं मान हलवली आणि शाळेचं दप्तर भरायला गेली. एवढ्या दिवसांत तिच्याशी इतकं थोडं आणि इतकं खरं मी बोललो नव्हतो.

मी परत आलो तेव्हा कॅटफिशनं अजून काही खाल्लं नव्हतं. आई फोनवर विचारायची, मासे पोचले का, त्यांचं घर आवडलं का. स्पंजाचं मी तिला चौथ्या दिवशी सांगितलं. "घाणच होती ना ती?" असं ती म्हणाली. मी समजावून सांगितलं. मग म्हणाली, "मग विचारायचंस की रे तू, का ठेवायचा म्हणून." मी म्हणालो, हो, विचारायला हवं होतं.

रोज संध्याकाळी काकूंच्या फोनवरून मुलीचा आवाजी निरोप यायचा. एकच शब्द. "नाइन." नाही. पट्टीचा गुलाबी रंग फिका होतोय, असं काका कळवत होते, पण मी त्या एका शब्दाची वाट पाहायचो. लायब्ररीत बसलो तरी फोन पालथा ठेवायचा, पुन्हा सुलटा करायचा, असं चाललेलं.

आठव्या दिवशी निरोप जरा लांब होता. मी बाहेर जाऊन जिन्यात ऐकला. ती मराठीत बोलत होती, एकेक शब्द शोधत.

"दादा, ओपा... जेवला. पण तू आला की काही धुऊ नको."

मागून काकूंचं हसू ऐकू आलं, आणि टाकीच्या पंपाचा बुडबुड आवाज.