हरणीची कूस

कुत्री पाळणाऱ्या घरात किस्से केसांवानी साठतात. घोंगडी कितीबी झटका, एखादा चिकटून राहतोच. आमच्या घोंगडीला सगळे हरणीचेच.

तर आयका. आटपाट नगर न्हाय, अणदूरच्या माळाकडंची धनगरवाडी होती. राज्य निजामाचं होतं. वाडीत मल्हारआबा नावाचे धनगर होते, त्येंची सोनाबाई होती, एक ल्योक होता, आन त्या ल्योकाची नवी नवरी ठकू, ती म्या. मेंढरं होती, आन मेंढरांमागं कारवानी कुत्री होती. उंच पायांची, पोटं आत गेलेली, वाऱ्यासंगं पळणारी. आबांच्या पणज्यापासनं एकच रगत. लांडगा नुसता वास घेऊन माघारी फिरायचा!

हे कुत्रं कधी विकायचं न्हाय, ही रीत. नारळ आन मूठभर भंडारा घ्यायचा, मगच पिल्लू द्यायचं. लेक दिल्यावानी.

*

एका उन्हाळ्यात पिसाळलेला लांडगा वाघरीत शिरला. वाघर म्हणजे मेंढरांभवती लावतात ती जाळी. आमची सगळी कुत्री त्याच्यावर तुटून पडली. लांडगा मेला, पर एकबी कुत्रं चावल्याबिगर सुटलं न्हाय.

चावलेलं कुत्रं ठेवता येत न्हाय. शेजारपाजारचे गडी म्हणाले, "आबा, तुमी घरात बसा, आमी करतो." आबांनी कुणाला हात लावू दिला न्हाय. एकेकाला नाव घेऊन हाक मारली आन वढ्याकडं नेलं. परत आले तवा कुऱ्हाड धुतलेली होती. त्यानंतर ती नावं आबांच्या तोंडातनं आली न्हाईत.

हरणी तेवढी वाचली. ती सासूबाईंमागं अणदूरला खंडोबाच्या देवळात गेली होती.

सांजच्याला सासूबाईंनी सवयीनं समद्यांच्या वाटणीच्या भाकरी थापल्या. टोपलं भरल्यावर त्येंच्या ध्यानात आलं. आबा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हरणीला घाल. समद्यांच्या वाटणीचं आता तिलाच भुंकायचं हाय!"

तवापासनं आबा वाघरीजवळ कुऱ्हाड घेऊन बसायचे. झोपायचे तेबी बसूनच.

*

कुळी राखायची तर हरणीला त्याच रगताचा नर पायजे. तसा एकच उरला होता. बोरी नदीपल्याड बसप्पा म्हणून व्यापारी होता, त्याच्याकडं आबांनी मागं दिलेला बाजा. नात्यानं हरणीचा मामा.

म्या हळूच इचारलं, "मामा कसा चालंल?" सासूबाई म्हणाल्या, "बसप्पाची बायको कानडी हाय, त्येंच्यात मामालाच पोरगी देत्यात. तिला इचार, तिचा नवरा तिचा कोण लागतो!"

हरणी माजावर आली आन गावची झाडून सगळी कुत्री आमच्या दारात येऊन बसली. त्येंचं पिल्लू ऱ्हायलं तर कुळी तिथंच संपली. म्या दाराला पाठ लावून बसले. शेजारची गजरा पाण्याला चालली होती. ती थांबून म्हणाली, "ठकू, तुझ्या लग्नाला बी एवढं वऱ्हाड नव्हतं गं!"

*

हरणीला गाडीत घालून आबा बसप्पाकडं निघाले. आमी सासवा-सुना मागं बसलो. पर हरणी म्हणजे देवानं राखलेली. तिला तशीच कशी न्यायची? वाटंत आबांनी तिला घासून आंघूळ घातली, देवाम्होरं नेली आन भंडारा चोळला. शेपटीच्या बुडापासनं कानापर्यंत. हरणी पिवळीजर्द!

बाजा म्हातारा झाला होता. रानडुकरानं मागला पाय मोडलेला, पर डोळ्यात धग होती. आबांनी हरणीला त्याच्याम्होरं उभी केली. त्यानं नाक म्होरं केलं, शिंकला, परत शिंकला, आन तोंड फिरवून बसला. वास कळंल तवाच ना! आमच्या भक्तीनं तेवढाच पुसून टाकला होता.

बसप्पाची बायको गौरव्वा कपाळाला हात लावून म्हणाली, "अय्यो आबा! देवाची वाघीण करून आणलासा, मग त्यानं पाया पडायचं का संसार करायचा?"

कुणी हासलं न्हाय. हरणीला धुतली, वाट बघितली. मग बाजाला वास लागला. तो उठला, हरणीवर चढायला गेला आन मोडक्या पायावर कोसळला. पुन्यांदा उठला. पुन्यांदा कोसळला. शेवटी आबाच त्याच्याजवळ बसले आन त्याचं डोस्कं मांडीवर घेतलं.

"बास, बाबा," म्हणाले. "लई केलंस."

*

सरकारी घोड्यांना औषधपाणी करणारे एक सलोतरी होते, कादरमियाँ. त्येंच्या कानावर ही गोष्ट गेली. ते आबांना म्हणाले, "बाजा का पाय मोडलाय, बाकी तो सलामत हाय. त्याचं बीज हातानं काढतो, काचेच्या पिचकारीनं हरणीच्या कुशीत सोडतो. घोडीला केलंय म्या."

आबा उठून उभे ऱ्हायले. "देवाच्या जनावराला पिचकारी? खंडोबा काय म्हणंल?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. कधी मधी न बोलणारी बाई. फुंकणी खाली ठेवून म्हणाल्या, "मूल आडलं म्हंजी सुईण हात घालती. तवा देव रागावतो व्हय?"

आबा खाली बसले.

*

पर हरणी पुन्यांदा माजावर आली ती भर पावसाळ्यात. बोरी दुथडी भरलेली. गाडी जाईना. आन पल्याडनं निरोप आला, बाजानं खाणं सोडलंय.

सलोतरी आन आमचे मालक गूळ करायच्या काहिलीत बसून पल्याड गेले. पोहणारे गडी काहिलीला धरून ढकलायचे. सलोतरींना पवता येत नव्हतं. पल्याड जाऊन त्येंनी बाजाचं बीज काढलं, बाटलीत घातलं, बाटली फडक्यात गुंडाळून काखेत धरली. त्येंचं एकच म्हणणं, "इसको ऊन लागायचं न्हाय, गार पडायचं न्हाय. कोंबडी अंडं धरती तसं न्यायचं."

आमी अल्याडच्या काठावर हरणीला धरून उभ्या. मधी काहिल गरगर फिरायला लागली. आबांनी डोळे मिटले आन भंडारा उधळला. काहिलीत सलोतरींनी अल्लाचं नाव घेतलं. एक हात काहिलीच्या काठावर, दुसरा छातीला घट्ट. बुडायची येळ आली तरी काख काय सोडली न्हाय!

काठावर अणदूरचा एक पावणा उभा होता. म्हणाला, "सलोतरीला हुडहुडी भरलीय का? काख का दाबून बसलाय?"

आबा डोळे न उघडता म्हणाले, "काखंत आमचा जावई हाय!"

*

काठावरल्या चिंचंखालीच काम केलं. सलोतरींनी पिचकारी सोडली आन म्हणाले, "आता मागली बाजू वर धरा. बीज सांडायला नको." एक पाय सासूबाईंनी धरला, एक म्या. हरणीनं हूं का चूं केलं न्हाय. हात भरून आले, पर सासूबाई सोडीनात. सलोतरी म्हणाले, "बस, माय, झालं." त्या म्हणाल्या, "तुमचं झालं. माझं न्हाय."

पाणी उतरल्यावर बसप्पा स्वता सांगाया आला. बाजा गेला. आबांनी इचारलं, "कधी?" बसप्पा म्हणाला, "काहिल अल्याड लागली, मी काठावरनं घरी आलो, तवर."

आबांनी त्याच्या हातात नारळ दिला. रीत तर पिल्लू देताना नारळ घ्यायची. त्या दिशी पिल्लू नव्हतं, तरी आबांनीच नारळ दिला.

*

हरणी याली, चार पिल्लं झाली. आबांनी एकेकाला तळहातावर घेतलं आन हाका मारल्या. वढ्याकडं नेलेल्या कुत्र्यांची नावं. सासूबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

त्यातलं थोराड पिल्लू गौरव्वाच्या वटीत गेलं. बाकीची वाढली.

पुढल्या हिवाळ्यात एका सकाळी गजरा पाण्याला चालली होती. उन्हं पार वर आली होती. वाघरीपाशी आबा लांब आडवे झाले होते, कुऱ्हाड कुठंतरी पडलेली, आन भवती हरणी आन तिची तीन पोरं कान टवकारून बसलेली. गजरा घाबरली.

"सोनाबाई, आबा असे का पडल्यात? बरं न्हाय का त्येंना?"

सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. टोपलं भरत आलं होतं.

"हळू बोल गं," म्हणाल्या. "झोपल्यात."