विमानात सापडलेला बाबांचा पेचकस

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात तशी सोयच नव्हती म्हणा ना! आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच अंगारे-धुपारे घराबाहेर गेले. त्यात मी कॉलेजात फिजिक्सची लॅब सांभाळणारी. तरीही...

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. जो तो काहीतरी मिरवायच्या नादात. आमच्या कॉलेजनं खटपटी करून फौजेतून निवृत्त झालेलं एक छोटं लढाऊ विमान मिळवलं. धड एका ट्रकात, पंख दुसऱ्या ट्रकात. एकाहत्तरच्या लढाईत यानं पराक्रम गाजवला, असं प्रिन्सिपॉल सर भेटेल त्याला सांगत सुटले होते. ते जोडून, रंगवून गेटजवळच्या चौथऱ्यावर बसवायचं होतं. पण जोडणार कोण? माझे बाबा चाकूरजवळच्या खेड्यातून फौजेत गेलेले, लढाईत ह्याच बनावटीच्या विमानांवर फिटर होते. ते नको नको म्हणत होते. मीच भरीस घातलं.

दुष्काळाचं साल. टँकर आला की होस्टेलचे विद्यार्थी बादल्या घेऊन धावायचे, तिथं विमान धुवायला पाणी कोण देणार? आम्ही ते रॉकेलच्या फडक्यांनी पुसून काढलं.

पहिल्याच दुपारी बाबा विमानावर चढले आणि आत काहीतरी गडगडलं — रिकाम्या डब्यात बोल्ट घरंगळावा तसं.

"आत काय तरी हाय," बाबा म्हणाले. चेहरा उतरलेला.

वर्कशॉपचे वेल्डर शेखमामू बाबांच्या दुप्पट वजनाचे. ते चढले — आवाज नाही. मी चढले — नाही. बाबांनी नुसता हात टेकला... गडगड! तीन दिवस हेच. "तुमकू पहचानता ये," शेखमामू हसत म्हणाले. बाबा हसले नाहीत.

तिसऱ्या दुपारी ते लिंबाखाली मटकन बसले आणि आईलाही कधी न सांगितलेलं मला सांगितलं.

"लढाईत एका सकाळी लई घाई व्हती. पायलटच्या सीटमागचा पत्रा बसवला, विमान उडालं. मग हत्यारं मोजली, तर एक पेचकस कमी. स्क्रू पिळून तसाच आत राहिला आसंल. तितं विमान वळवायच्या दांड्या आसत्यात. त्येच्यात अडकला की खलास. तवाच बोललो आसतो तर रेडिओवरनं माघारी बोलावलं आसतं. पर शिक्षेला भ्यालो... गप बसलो. विमान आलंच न्हाई, माय. तेवीस वर्साचं पोरगं व्हतं."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. आणि त्याच क्षणी, ते झोपेत का ओरडतात तेही कळलं.

मी उठून सरळ तो सीटमागचा पत्राच उघडायला घेतला. स्क्रूंवर रंगाचे जुने थर, एकावरही ओरखडा नव्हता. खरवडून खरवडून काढावे लागले. बाबा लिंबाखालून हलले नाहीत. शेखमामूंनी बॅटरी धरली, मी कोपरापर्यंत हात घातला... बोटांना लाकडी मूठ लागली. उन्हानं विमानाचा पत्रा चटके देत होता, पण तो पेचकस गारठलेला होता. मुठीवर कोरलेला फौजेतला नंबर बाबांचा!

बाबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखे हमसून रडले. "त्या सकाळी दोन विमानांचे पत्रे बसवले व्हते म्या. हे दुसरं आसंल. हितंच ऱ्हायला व्हता पेचकस... म्या न्हाई मारलं त्येला, माय. म्या न्हाई मारलं."

त्यानंतर तो आवाज कधीच आला नाही. बाबांचं झोपेतलं ओरडणंही थांबलं.

महिन्याभरानं चौथऱ्यावरच्या पाटीचा मजकूर लिहायला सरांनी मला विमानाचे कागद दिले. पहिल्याच पानावर कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख होती. मी ती चार वेळा वाचली. लढाई संपल्यावर दोन वर्षांनी!

म्हणजे त्या सकाळी हे विमान जगातच नव्हतं. आणि लढाईनंतर बाबांनी हट्टानं स्टोअरात बदली घेतली होती, पुन्हा कुठल्याही विमानाला हात लावला नव्हता.

मी कागद लॅबच्या कपाटात तळाशी सरकवले आणि पाटीवर सरांना हवं तेच लिहिलं — एकाहत्तरच्या लढाईत लढलेलं विमान. जन्मात एवढं धडधडीत खोटं मी दुसरं लिहिलेलं नाही. बाबा ती पाटी वाचायला मुद्दाम यायचे. पुढं बरीच वर्षं जगले आणि शांतपणे गेले.

मी सगळे तर्क लढवून पाहिले आहेत, एकही टिकत नाही. तो पेचकस ज्या विमानात राहिला असेल, ते तर परत आलंच नाही. मग तो इथं लातुरात कुणी आणून दिला? सुटलास म्हणून दिला... की हे पाप तुझंच, सांभाळ म्हणून? बाबांनी पहिला अर्थ घेतला. मला आजही ठाऊक नाही.